दोनदा लावलेली पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे. अमेरिकेतल्या एका राज्यात, नदीकाठच्या कॅसिनोच्या दारावर मी तिरकी लटकते आहे. तिरकी का, तेच सांगायचं आहे.

एका छोट्या कारखान्यात माझ्यावर राज्याची मुद्रा कोरली गेली आणि खाली अक्षरं. ती काय म्हणतात हे मला बराच काळ ठाऊक नव्हतं. लोक दारात थांबून मोठ्याने वाचायचे, तेव्हा कळलं: 'हे महामंडळ राज्याच्या मालकीचे आहे.' खासगी हातांत जुगार गेला तर लबाडी होईल, म्हणून राज्याने महामंडळ काढून तो स्वतःकडे ठेवला होता. मित्रांनो, मला फार अभिमान वाटला.

मला सगळ्यात मनापासून वाचलं ते दादारावांनी. नागपूरला टपाल खात्यात हयात घालवून ते इथे मुलाकडे राहायला आले होते. त्यांची सून उपासना हॉटेलात काम करायची. तिला इथे पत्ते वाटायची नोकरी चालून आली, म्हणून दोघं बघायला आले.

"बाबा, कॅसिनो आहे हो. विहारात काय सांगू, पत्ते वाटते म्हणून?"

"सांग, सरकारी पत्ते वाटते!" दादाराव हसले. मग बाहीने मला पुसत म्हणाले, "शिक्का बघ पोरी. खासगी मालक सकाळी ये म्हणतो, संध्याकाळी जा म्हणतो. सरकार असं करत नसतं."

तिने हॉटेल सोडलं. माझ्या भरवशावर. पुढे दादाराव तिला न्यायला आले की मला पुसूनच जात. ते माझे चांगले दिवस.

पत्ते वाटून वाटून उपासनाचा उजवा खांदा धरला. तिने आणि इतरांनी मिळून राज्याच्या कर्मचाऱ्यांसारखी आजारपणाची रजा आणि पेन्शन मागितली. उत्तर आलं: महामंडळ ही स्वतंत्र संस्था आहे, तुम्ही राज्याचे कर्मचारी नाही. लगेच मेंटेनन्सचा रवी स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"पाटी का काढतोयस रे?" उपासनाने विचारलं.

"ऑर्डर आहे. टुडे वी आर नॉट गव्हर्नमेंट," इथेच जन्मलेला रवी म्हणाला.

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या, यार."

मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली पालथी पडले. उपासनाने बिनपगारी रजा टाकून खांद्याचं ऑपरेशन करून घेतलं. परतली तर नोकरी गेलेली. भरपाई मागायला ती न्यायालयात गेली.

एके सकाळी रवीने मला बाहेर काढून पॉलिश केलं. मला वाटलं, न्याय झाला! त्याने मला पुन्हा दारावर लावलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग कुणीतरी माझा फोटो काढून न्यायालयात नेला. महामंडळाचे वकील म्हणाले, महामंडळ म्हणजे राज्यच, आणि राज्याने स्वतः होकार दिल्याशिवाय त्याच्यावर भरपाईचा दावा चालत नाही. न्यायालयाने ते मानलं. दावा फेटाळला गेला.

रजा मागितली तेव्हा राज्य नव्हतं. न्याय मागितला तेव्हा राज्य होतं. दोन्ही वेळा साक्ष माझीच, एकदा गैरहजर राहून आणि एकदा हजर राहून.

उपासना आपलं सामान न्यायला आली तेव्हा दादाराव सोबत होते. सवयीने त्यांचा हात बाहीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बाई गं, तू नक्की कुणाची?" त्यांनी मला विचारलं.

उपासनाने त्यांची बाही ओढली.

"तिला काय विचारता, बाबा? लावतील तिथे ती लटकणार. चला."

मला न पुसताच ते गेले.

काढून लावताना माझी भोकं झिजली. एक स्क्रू नुसताच फिरतो. मित्रांनो, मला चकचकीत करू नका, काळी पडले तरी चालेल. पण लावायचं तर नवी भोकं पाडून घट्ट लावा, आणि कुणी काहीही मागायला आलं तरी हलवू नका. ते जमत नसेल तर मला वितळवा आणि एखाद्या घराच्या दाराची बिजागरी करा. दार उघडताना ती जी असते, तीच मिटतानाही असते.