आधी कोणाला?

इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्या टोळीत मुकादमाने आपल्या धाकट्या भावाला आणलं, त्याच दिवशी म्हाताऱ्या रंगाऱ्याने ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणून टोमणा मारला. सगळे हसले. मुकादमाच्या ते जिव्हारी लागलं. आपण पक्षपात करतो असं पुन्हा कुणी म्हणता कामा नये, हे त्याने मनाशी पक्कं केलं. तेव्हापासून वरचे मजले, वाऱ्याची बाजू, डोक्यावरचं ऊन, सगळं धाकट्याच्या वाट्याला. धाकट्याने कुरकूर केली नाही. दादाची अडचण त्याला कळत होती.

त्या दुपारी तो आणि म्हातारा नवव्या मजल्यासमोर दोरांवरच्या पाळण्यात उभे होते. एका बाजूचा दोर कठड्याच्या धारेवर घासून तुटत आला आणि पाळणा कलंडला. रंगाची बादली खाली गेली. आवाज यायला फार वेळ लागला. तुटत चाललेल्या टोकाला धाकटा होता. म्हातारा वरच्या टोकाला, कडी घट्ट धरून. गच्चीवर मुकादमापाशी खाली सोडायला दोर एकच.

धाकट्याने वर पाहिलं. मुकादमाने दोर म्हाताऱ्याकडे टाकला.

म्हाताऱ्याला ओढून घेईपर्यंत तिकडे दोराचा एकेक पीळ सुटत होता. मग धाकट्याची पाळी. पाळण्याला अडकवलेला पट्टा सोडून तो कमरेला फास आवळतो न आवळतो तोच पाळणा पायाखालून निसटला. तो भिंतीवर आपटला, मनगट मोडलं, पण वर आला.

म्हाताऱ्याने विचारलं, “मुकादम, मी त्या टोकाला असतो तर?”

“तरी तुम्हालाच.”

“म्हणजे टोक तू बघितलंच नाहीस, दादा,” धाकटा हळूच म्हणाला. “माणूस बघितलास. मग पक्षपात आणखी वेगळा काय असतो?”

दवाखान्यात मुकादम भावाच्या उशाशी बसून राहिला. धाकट्याने पाणीसुद्धा नर्सकडे मागितलं.

हात बरा झाल्यावर धाकटा दुसऱ्या टोळीत गेला. तिथल्या मुकादमाचा तो ना लाडका, ना नावडता. त्याला तेवढंच हवं होतं. अधूनमधून तो दादाकडे जेवायला येतो. वहिनी वाढते, आणि दोघे भाऊ हवापाण्याचं बोलत राहतात.