कव्हरखाली गाडलेला सीटबेल्ट

मी पुंडलिकनगरातल्या एका पांढऱ्या मोटारीचा सीटबेल्ट बोलतोय, मागच्या सीटचा. पुढच्या भावांना निदान पोलिसांच्या धाकानं तरी मान मिळतो. मला कुणी विचारतही नव्हतं.

कारखान्यात मला ताणून, ओढून पारखलं होतं. मोठ्या उमेदीनं मी या घरी आलो. आल्या आठवड्यातच घरच्या आजींच्या, दगडाबाईंच्या पसंतीचं मखमली सीटकव्हर चढलं आणि मी ज्या बकलात अडकायचं, तेच त्याखाली गाडलं गेलं. मग मी नुसता लोंबत राहिलो. माझ्यावर टॉवेल वाळले. त्यांच्या नातवानं, शिवमनं, बिस्किटाचे हात पुसले.

शिवमची जागा आजीच्या मांडीवर. त्याची आई प्रेरणा चांगली शिकलेली; पण गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी. पुढं बसून ती सारखी मागं वळायची, पोराकडं बघायची आणि ‘मीच उगीच घाबरते का?’ म्हणून गप्प व्हायची.

पिशोरला लग्नाला निघायच्या सकाळी मात्र ती कात्री घेऊन आली. खर्रकन कव्हर चिरलं आणि मागची दोन्ही बकलं वर आली.

“नवंकोरं कव्हर कापलंस व्हय गं!” दगडाबाई कडाडल्या. “माझ्या मांडीवरनं लेकरू कुठं पळून चाललंय?”

“बोला मला, आई. पण आज तो मांडीवर बसणार नाही.”

“अभय, सांग की तुझ्या बायकोला!”

अभय आरसा पुसत राहिला. पुसलेलाच आरसा.

प्रेरणानं शिवमला लहान मुलांच्या उंच सीटवर बसवलं. माझा पीळ काढला. खालची पट्टी पोटावरून काढून खाली कमरेच्या हाडांवर घेतली, वरची मानेला न घासता खांद्यावरून. तिच्या हट्टापायी सासूबाईंनीही पट्टा लावला होता, पण साडी चुरगळेल म्हणून काखेखालून. तोही तिनं खांद्यावर आणला. फुरंगटून दगडाबाईंनी रिकाम्या मांडीवर लाडवांचा डबा घेतला, दोन्ही हातांनी कवटाळून.

कन्नडच्या अलीकडं ट्रॅक्टर अचानक आडवा आला. अभयनं करकचून ब्रेक दाबला. मी जागच्या जागी आवळलो आणि शिवमला सीटशी धरून ठेवलं. अहाहा! याचसाठी तर माझा जन्म!

डबा मात्र उडून पुढच्या काचेवर आदळला.

“आजी, लाडू पळाले!” शिवम खिदळला.

दगडाबाई आपल्या रिकाम्या हातांकडं बघत राहिल्या.

“लई घट्ट धरला होता गं,” त्या हळूच म्हणाल्या.

प्रेरणानं त्या दिवशी स्वतःला तो जुना प्रश्न विचारला नाही.

आता मी रोज कामावर असतो. तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊबंद गाडला गेला असेल, तर त्याला वर काढा. लेकरू असो की पाव्हणा, बसताक्षणी पट्टा खांद्यावरून घ्या, कमरेला नीट बसवा. बाकी आम्ही बघून घेतो.

त्या दिवशी पिशोरला नवरीची पाठवणी झाली, तेव्हा मी शेजारच्या मोटारीत बघत होतो. दगडाबाईंनी सीटकव्हरखाली हात घालून बकल शोधून काढलं आणि नवरीचा पट्टा लावला.

“मावशी, शालू चुरगळंल ना!”

“चुरगळू दे,” दगडाबाई म्हणाल्या. “तू नीट पोच.”