काशाच्या वाटीतलं विष

सारजाबाईच्या पत्र्याच्या शेडपुढं शंभरेक माणसं जमली होती. आत साडीच्या आडोशामागे ती एका बाळंतिणीच्या छातीला तूप लावून काशाची वाटी घासत होती. थोड्या वेळानं तिनं वाटी बाहेर धरली. तळ काळाकुट्ट झाला होता. लोकांनी हात जोडले.

"बगा, नजरंचं इख उतरतंय," सारजाबाई म्हणाली. "सासरच्याची हाय, माहेरच्याची हाय, शेजारणीची तर लईच हाय. अजून पाच दिस यायचं. त्या बाजूनं लेकराला पाजायचं न्हाई, दूध पिळायचं न्हाई."

शेजारणीही हात जोडून उभ्या होत्या.

मी जनावरांचा डॉक्टर. उमापूरजवळच्या या वस्तीवर नाथाच्या म्हशीसाठी आलो होतो. तिची कास सुजली म्हणून त्यानं सकाळी फोन केला, दुपारी मी हजर. सुई दिली, कास पिळून रिकामी करायला सांगितली. तेव्हा कळलं, त्याची बायको रोहिणी आठ दिवस तापात आहे आणि तिला रोज इथं आणतात. म्हणून त्याच्याबरोबर इथं आलो.

मला राग यायला हवा होता. आला नाही. असल्या वाट्या इतक्या पाहिल्यात की आता नुसता थकवा येतो.

रोहिणी बाहेर आली, भिंतीला टेकून बसली. सासू केशरबाईच्या मांडीवर वीस दिवसांचं पोर रडून दमलं होतं. रोहिणी त्याच्याकडं बघतही नव्हती.

"नाथा, म्हशीची कास सुजली तर दूध कोंडून ठेवतोस का?"

"न्हाई. कास जाईल की."

"मग हिचं का कोंडलंस?"

"बाळंतिणीला नजर लागती, साहेब."

"म्हशीला लागत नाही?"

"लागती. पर म्हैस दुभती हाय," तो बोलून गेला आणि खाली बघू लागला. रोहिणीनं ते ऐकलं. तिचा चेहरा हललासुद्धा नाही.

मी वाटी मागितली. बाटेल म्हणून सारजाबाई देईना, तरी घेतलीच. तेच तूप नाथाच्या तळहाताला लावलं आणि सगळ्यांदेखत घासत राहिलो. पाच मिनिटांत तळहात काळा झाला.

"याला कुणाची नजर लागली? हा कुणाला पाजतो?"

मागं कुणीतरी हसलं. मी तूप जिभेला लावलं. आंबट होतं.

"यात लिंबू पिळलंय. काशात तांबं असतं. आंबट तूप घासलं की धातूच झिजून काळा उतरतो. घरी करून बघा. अंगातून काही निघत नाही."

डॉक्टरच्या पायगुणानं शक्ती बिघडली, असं सारजाबाईनं जाहीर केलं. दहा-बारा जण उठून गेले. बाकीचे रांगेतच थांबले. नाथानं मात्र रोहिणीला माझ्या गाडीत बसवलं.

गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी चिरा देऊन पू काढला. कोंडलेल्या दुधात जंतू वाढून गळू झालं होतं. आणखी थांबले असते तर जंतू रक्तात पसरले असते, असं त्या म्हणाल्या. औषधं लिहून दिली, रोज पट्टी बदलायला बोलावलं. चांगल्या बाजूनं पाजा, दुसऱ्या बाजूचं दूध काढत राहा, असं बजावलं.

"पयल्याच दिवशी आलो असतो तर?" रोहिणीनं विचारलं. तिचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

"बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं."

तिनं मान हलवली. पोर पदराखाली घेतलं.

"पितंय का गं?" केशरबाईनं विचारलं.

"पितंय. पर मला त्याचं काय वाटंना झालंय."

केशरबाई रडायला लागली. रोहिणी नाही.

छाती कडक झाली, लाल झाली, ताप आला, तर दूध कोंडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. घरात कुणी नजरेचं नाव काढलं तर त्याच्याच तळहातावर वाटी घासून दाखवा. पण आधी बाईला दवाखान्यात पोचवा.