पिपिरासने ओढलं

कौनास शहरातल्या त्या टेकडीवरच्या गल्लीत हिवाळ्याच्या सकाळी तीन बाबागाड्या एकापाठोपाठ निघाल्या की पेन्शनर मंडळी मुकाट्याने फुटपाथ सोडून कडेच्या बर्फात उभी राहत. दुसरा इलाजच नव्हता. गाड्यांना ब्रेक होते, तिघींच्या बोलण्याला नव्हता. सगळ्यात पुढे स्किरमान्ते, तिसऱ्या बाळंतपणाची पक्की बाई, जिभेला हाड नसलेली. मध्ये नेरिंगा, पहिलं मूल, त्यामुळे त्याला शिंक आली तरी चार जणींना विचारून मग घाबरणारी. आणि शेवटी योलिता. तिच्या उजव्या हातात गाडी, डाव्या हातात पिपिरासचा पट्टा. पिपिरास म्हणजे मिरं. कुत्रंही तसंच होतं, काळंकरडं, आखूड केसांचं, आणि चेहऱ्याने घरातल्या थोरल्या काकासारखं पोक्त.

बोलायचं काय, तर रोजचंच. कुणाला दूध किती, कुणाला झोप किती, शहाजिऱ्याचा चहा पिऊन दूध खरंच वाढतं की नुसत्या बाथरूमच्या खेपा. स्किरमान्तेचं मांजर पाळण्यात बाळाच्या पायाशी झोपायचं, त्यावरून तिची सासू रोज अंगाचा तिळपापड करून घ्यायची. स्किरमान्ते म्हणायची, मांजर निदान बाळ रडलं की डोळे उघडतं, तुमचा मुलगा तेवढंही करत नाही. मग विषय फुटपाथवर यायचा. नगरपालिकेने बर्फ वितळवायला मीठ टाकलं की पिपिरासचे पंजे चरचरायचे, योलिता त्यांना घरी जाऊन मलम लावायची. मीठ नाही टाकलं की माणसं आपटायची. ‘‘पंजे सांभाळायचे की आमच्या कंबरा, तेवढं एकदा ठरवून सांग बाई,’’ स्किरमान्ते म्हणायची, आणि तिघी हसायच्या. हसण्यासारखंच होतं ते.

पिपिरास घरात आला तेव्हा योलिता आणि एवाल्दासला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, दोनदा आशा लागून मोडली. दुसऱ्या खेपेनंतर एवाल्दासने कुठूनसं हे पिल्लू आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. सात वर्षं ती त्याला ‘बाळा’ म्हणत आली. लोक हसत, तिला त्याचं काही वाटत नसे. मग गेल्या उन्हाळ्यात लिएपा झाली, आणि जो तो म्हणाला, आता कुत्रं पुन्हा कुत्रं होणार. योलिताही म्हणाली. म्हणायचंच असतं तसं. ‘बाळा’ हा शब्द तिने लिएपाला दिला आणि कुत्र्याला नावाने हाक मारायला लागली. पिपिरासने ते निमूट मान्य केलं. तो कधीच कशाची तक्रार करणाऱ्यांतला नव्हता.

त्या गुरुवारी पहाटे पाऊस पडून जागच्या जागी गोठला होता. वाळू टाकणारी बाई वरच्या गल्लीपर्यंत येऊन थांबली होती आणि बेकरीवरून जाणारा उतार नुसता चकचकत होता. उताराच्या तळाशी ट्रॉलीबसचा रस्ता. शहाण्या बायका घरी बसल्या असत्या. पण घरात कोंडलेल्या आईला शहाणपण सांगणाऱ्याने एकदा स्वतः कोंडून घेऊन बघावं. तिघी निघाल्या. नेरिंगा दातांविषयी काहीतरी विचारत होती आणि योलिता उत्तर देत असतानाच तिचे दोन्ही पाय एकदम पुढे गेले.

हात दोन होते. एक मिटला आणि एक उघडला. मिटला तो डावा.

पिपिरास चारही पाय रोवून, मान ताठ करून उभा राहिला, आणि त्याच्या पट्ट्याला लोंबकळून योलिता पडता पडता सावरली. गाडी मात्र निघाली. नेरिंगाने किंचाळून आपली गाडी भिंतीला लावली आणि डोळे गच्च मिटले. स्किरमान्तेने मागे वळून पाहिलं, स्वतःची गाडी बेकरीच्या पायरीला टेकवली आणि येणाऱ्या गाडीच्या आडवी आपली रुंद कंबर घातली. गाडी धडकली, कलंडली, थांबली. लिएपा जागीसुद्धा झाली नाही.

काही झालं नाही हे कळल्यावर माणसं हसतात, तशा तिघी हसल्या. स्किरमान्ते मांडी चोळत म्हणाली, ‘‘कमाल आहे गं तुझी. पोर सोडलंस आणि कुत्रं धरलंस!’’

तिच्या मनात काही नव्हतं. ओठांवर आलं ते बोलून ती मोकळी झाली आणि लगेच मांडीवर कोबीचं पान बांधावं की बर्फ, यावर आली. नेरिंगा बर्फाच्या बाजूची होती. योलिता गाडीवर ओणवी होऊन लिएपाची टोपी सारखी करत राहिली. तिला वर बघवेना. पाय सटकणं कुणाच्याही बाबतीत होतं. पण हातांना कुणी सांगितलं, कुणाला सोडायचं ते? विचार करायला वेळच नव्हता, हे तिने स्वतःला घरी जाईपर्यंत सांगितलं. वेळ नव्हता म्हणूनच तर खरं ते बाहेर आलं, असं आतून कुणीतरी म्हणत होतं.

संध्याकाळी एवाल्दास कामावरून आला. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. वाकडी झालेली वस्तू त्याला अंधारातही दिसे. बूट काढता काढता त्याची नजर गाडीच्या वाकलेल्या चाकावर गेली.

‘‘हे काय झालं?’’

‘‘उतारावर घसरले,’’ योलिता म्हणाली. एवढं पुरे होतं. गल्लीतलं निम्मं गाव त्या आठवड्यात घसरलं होतं, कुठला हात सुटला असं कुणी कुणाला विचारलं नव्हतं, तोही विचारणार नव्हता. पण खाई त्याला खवखवे. स्किरमान्तेचं वाक्य उद्या जिन्यात याच्या कानावर गेलं तर, या भीतीने तिने आधीच बांध घातला. ‘‘पिपिरासने ओढलं.’’

दाराशी पडलेल्या पिपिरासने आपलं नाव ऐकून शेपटी हलवली.

एवाल्दास ओरडला नाही, तो ओरडत नसे. त्याने सगळं विचारून घेतलं. गाडी हातातून सुटली? कुठपर्यंत गेली? कुणी धरली? मग त्याने झोपलेल्या लिएपाला उचलून घेतलं आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. जेवताना म्हणाला, शनिवारी त्याला बाबांकडे गावी सोडून येतो. तिथे अंगण आहे, खोपटं आहे. साखळीचं नाव त्याने घेतलं नाही, पण सासऱ्यांच्या अंगणातली कुत्री कशी राहतात हे दोघांना ठाऊक होतं. योलिता म्हणाली, तो जन्मभर सोफ्यावर झोपलाय, थंडीत मरेल. एवाल्दासचे डोळे भरून आले होते. पिल्लू त्यानेच तर आणलं होतं.

‘‘मला काय हौस आहे का? पण उद्या त्याने पुन्हा ओढलं तर?’’

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते तिच्याचजवळ होतं. तो पुन्हा ओढणार नाही, कारण त्याने ओढलंच नव्हतं. तो नसता तर मीही तळाशी गेले असते. शुक्रवारभर तिने ते वाक्य जिभेवर घोळवलं. मी लिएपाला सोडलं आणि पिपिरासला धरलं. कुठूनही सुरू केलं तरी ते तिथेच येऊन थांबे. ज्या मुलीसाठी इंजेक्शनं घेतली, मेणबत्त्या लावल्या, ती या हाताने सोडली, हे नवऱ्याला तोंड वर करून कसं सांगायचं? दोनदा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. एकदा विचारलं, बटाट्याचं पुडिंग गरम करू का. दुसऱ्यांदा मलमाची डबी शोधायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणतात, इथे तर चोर संन्याशाच्या पंजांना मलम लावत बसला होता. पिपिरास मलम लावून घेताना नेहमीसारखा तिच्या मनगटाला चाटत होता. तिने हात ओढून घेतला.

शनिवारी ऊन पडलं. इमारतीच्या अंगणात स्किरमान्ते आणि नेरिंगा गाड्या हलवत उभ्या होत्या, विषय दातांचाच, परवाचा अर्धा राहिलेला. योलिता लिएपाला घेऊन खाली आली. एवाल्दासने पिपिरासची गादी, वाडगा आणि खाण्याची गोणी मोटारीत ठेवली, आणि मग चॉकलेटचा डबा घेऊन तो स्किरमान्तेकडे गेला. ती नको नको म्हणाली, मांडीचा निळा डाग आता हिरवा झालाय, काही वाटत नाही, म्हणाली. डबा मात्र घेतला. एवाल्दास तिथेच घुटमळला.

‘‘एक विचारू का? राग मानू नका,’’ तो म्हणाला. ‘‘हा कधी ओढत नाही हो. मांजर समोरून गेलं तरी ओढत नाही. तुम्ही दोघी तिथे होतात. खरंच ओढलं का त्याने?’’

इतका वेळ तिला वाटत होतं की कुणी विचारलं, कुणी खरं सांगितलं तर आपण सुटू. आता कुणीतरी विचारलं होतं. आणि तिच्या मनातून, सगळ्या ताकदीनिशी, एकच गोष्ट निघाली. सांगू नका. देवा, या बायकांना खोटं बोलू दे.

स्किरमान्ते जन्मात पहिल्यांदाच बोलण्याआधी थांबली. तिने योलिताकडे पाहिलं. योलिता गाडीच्या दांड्याकडे पाहत होती, कानांपर्यंत लाल झाली होती. बाईच ती, तिला एका नजरेत सगळं कळलं.

‘‘ओढलं ना,’’ स्किरमान्ते म्हणाली. ‘‘चांगला हिसका दिला. जनावरच शेवटी, काय भरवसा?’’

‘‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं,’’ नेरिंगा घाईघाईने म्हणाली. तिने तेव्हा डोळे मिटून घेतले होते. ‘‘योलिता बिचारी काय करणार होती?’’

एवाल्दासने मान हलवली. त्याला बरं वाटलं नाही, पण पटलं. दोघी भल्या बायका होत्या, त्यांना खोटं बोलायचं कारण काय? त्याने मोटारीचं मागचं दार उघडलं आणि पिपिरासला शीळ घातली. पिपिरास हलला नाही. एवाल्दासने बोलावलं, चुचकारलं, मांडीवर हात आपटला. कुत्रं योलिताजवळ बसलं होतं आणि तिच्या तोंडाकडे बघत होतं.

‘‘तू सांग त्याला,’’ एवाल्दास म्हणाला. ‘‘माझं नाही ऐकत.’’

‘‘जा,’’ योलिता म्हणाली. तो हलला नाही म्हणून पुन्हा म्हणाली, ‘‘जा, बाळा.’’

पिपिरास उठला. पट्टा सैल लोंबत होता, कुणीच धरला नव्हता. तो एकेक पाऊल जपून टाकत अंगण ओलांडून गेला, मोटारीत चढला आणि गादीवर बसला. एवाल्दास त्या सैल पट्ट्याकडे बघत राहिला. मग त्याने दारावर हात तसाच ठेवून योलिताकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. तो थांबला होता. अंगणातली एवढी मोठी जागा तिच्या एका वाक्यासाठी रिकामी ठेवलेली होती.

योलिताने वाकून लिएपाचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

दार लागल्याचा आवाज आला. मोटार सुरू झाली, कमानीखालून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. मगच योलिताने मान वर केली. स्किरमान्ते जवळ आली होती. तिने योलिताच्या खांद्यावर हात टाकला आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘मनाला लावून घेऊ नको. आपल्यातलं आपल्यातच राहील. आम्ही दोघी कुठे म्हणून बोलणार नाही.’’

बोलल्या नसत्याच त्या. दोघीही मायेच्या होत्या, आणि आता दोघीही तिच्याशी जन्मभर मायेनेच वागणार होत्या. योलिताला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तिने स्किरमान्तेचा हात धरला, दाबला आणि म्हणाली, ‘‘फार उपकार झाले गं तुमचे.’’

आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.