न मोडलेली घडी

देवाप्पाचा स्वभाव भिडस्त. निपाणीजवळच्या गावात त्याची आई म्हणायची, या पोराला कुणी गोड बोलून विहिरीत उतरवलं तरी हा वर येऊन उपकार झाले म्हणेल. भीड ही भिकेची बहीण, हे तिनं त्याला लहानपणापासून उठताबसता ऐकवलं होतं. पण सांगून माणसाचा स्वभाव बदलत असता, तर जगातल्या आयांना दुसरं काय हवं होतं?

बंगळूरला आल्यापासून मात्र देवाप्पाला वाटायचं, आपण चांगलेच निर्ढावलो. दोन वर्षं तो कंपनीची पार्सलं घेऊन बसवनगुडीच्या गल्ल्यांतून दुचाकी फिरवत होता आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या तऱ्हा त्यानं पाहून ठेवल्या होत्या. पत्ता चुकीचा टाकून वर त्यालाच आंधळा म्हणणारे, पार्सल हातात घेऊन मिळालंच नाही अशी तक्रार ठोकणारे, चपला महिनाभर घासून मग माप बसत नाही म्हणणारे. अशांपुढे तो कंपनीचा नियम पुढे करायचा आणि मोकळा व्हायचा. कन्नडमध्ये त्याला 'नाही' म्हणता यायचं, हिंदीतही यायचं. मराठीत 'नाही' म्हणायची पाळी या शहरात त्याच्यावर कधी आली नव्हती. ती नेमकी त्या आठवड्यात आली.

त्या आठवड्यात त्याचे पाय जमिनीवर नव्हते. बायको शालन आणि लेक भव्या इतके दिवस गावी त्याच्या भावाच्या घरात राहत होत्या. आता हनुमंतनगरात खोली मिळाली होती, भव्याचं नाव जवळच्या शाळेत घातलं होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं दोघी कायमच्या यायच्या होत्या. देवाप्पानं खोलीला स्वतः चुना दिला होता. निम्मा भिंतीला लागला आणि निम्मा त्याला, पण खोली उजळली.

गुरुवारी दुपारी त्याला एका घरून साडी परत आणायची होती. फाटकाशी पोचला न पोचला तोच शालनचा फोन आला. "कामावर हाय गं, मागनं करतो," म्हणून त्यानं तो ठेवला, आणि आतून आवाज आला.

"अय्यो, आपल्यातला काय रे तू?"

मथुराबाई बाहेर आल्या. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहरा हसरा. "कुठला गाव?"

"निपाणीकडचा, अक्का."

"म्हंजे आपलाच की! आमचे वाडवडील राजांच्या फौजेसंगं इकडं आले ते इथंच राहिले बघ. घरात अजून मराठीच, पण बाहेर कुणाशी बोलायचं सांग? ये, वर ये. ऊटा झाला का? नाही? मग स्वल्प ताक तरी घे."

जेवलास का, असं देवाप्पाला या शहरात खाणावळवाल्याशिवाय कुणी विचारलं नव्हतं, आणि खाणावळवाला विचारायचा तो धंद्यापायी. पडवीत बसून त्यानं आलं-कोथिंबीर घातलेलं ताक घेतलं. खरं सांगायचं तर त्याला भरून आलं. कुणीतरी मावशी भेटावी तसं वाटलं.

मग मथुराबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली साडी आणली. वांगी रंगाची, रेशमी. "भाचीच्या लग्नाला मागवली होती. रंग मनास आला नाही रे."

"अक्का, ही समदी उलगडून बघाय लागतीया," देवाप्पा चाचरत म्हणाला. "काठ, पदर, आतली बाजू, समद्याचे फोटो काढाय लागत्यात. रूल हाय कंपनीचा."

मथुराबाईंनी छातीला हात लावला. "अरे, हिची अजून घडी मोडली नाही! परत चालली म्हणून काय झालं? उद्या कुणा बाईच्या अंगावर जायची ती. तिची पहिली घडी परक्या पुरुषानं मोडायची? तुमच्यात चालतं असं?"

चालत नव्हतं. नव्या लुगड्याची घडी मोडायची ती बाईनं, तीही होता होईल तो मानाच्या सुवासिनीनं. शालनच्या शालूची घडी देवाप्पाच्या थोरल्या बहिणीनं मोडली होती, आणि तोवर घरातल्या एकाही पुरुषानं त्या शालूला बोट लावलं नव्हतं.

"मग तुमीच मोडा की, अक्का."

"मी मोडली म्हंजे मी नेसल्यासारखंच. मग नेसलेली साडी नवी म्हणून परत कशी देऊ? पाप लागंल मला."

या वकिलीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले असते. दुसरा कुणी पोरगा असता तर त्यानं नियम नियम म्हणत साडी तिथंच फरशीवर पसरली असती. त्याला घडी म्हणजे नुसती घडी. देवाप्पाला मात्र ती न पाहिलेली, पुढं कधीतरी ही साडी नेसणारी बाई दिसायला लागली. त्यानं प्लास्टिकवरूनच फोटो काढले. फोननं विचारलं, उघडून तपासली? त्यानं 'हो' दाबलं. पदर पाहिला? हो. डाग नाही? हो. मथुराबाईंनी त्यांच्या फोनवर कंपनीकडून आलेला खात्रीचा नंबर सांगितला, त्यानं साडी कंपनीच्या पिशवीत घालून सील लावलं, आणि वर बाईंच्या पाया पडून निघाला.

शुक्रवारी सकाळी त्याला एकही काम मिळेना. फोनवर नुसतंच 'आयडी थांबवला आहे' असं येत होतं. तो गोदामात गेला तर तिथला मुख्य, गिरीराज, टेबलावर एक साडी घेऊन बसला होता. रंग वांगीच, पण आतून रेशीम घडीघडीवर विरलेलं, पदराला हळदीचा डाग, खाली जुना फॉल शिवलेला. कुणाच्या तरी कपाटात बरीच वर्षं काढलेली साडी होती ती.

गिरीराज माणूस वाईट नव्हता. कन्नडमध्ये शांतपणे म्हणाला, "देवा, उघडून बघितली म्हणून तू सगळीकडे 'हो' केलंयस. तेव्हा नवी होती आणि इथं आली ती जुनी. मग बदलली कुठं?"

"मी उघडलीच नाही, सर. सील बघा की, जसंच्या तसं आहे."

"सील तुझ्याजवळच असतं आणि तूच लावतोस. फोटोत नुसतं प्लास्टिक दिसतंय, फोटोनंतर उघडली नाहीस हे त्यावरून ठरत नाही. उघडली नाहीस, तर 'हो' का केलंस?"

देवाप्पानं घडीची गोष्ट कन्नडमध्ये सांगून पाहिली. मराठीत जे इतकं सरळ होतं, ते गोदामातल्या त्या टेबलासमोर त्याच्याच कानाला वेड्यासारखं वाटायला लागलं. गिरीराजनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"मला पटतंय असं धर. वरच्यांना काय सांगू? संध्याकाळी ते निर्णय घेणार. चोरी म्हणून आयडी बंद झाला तर कायमचा बंद, आणि तसा शेरा लागला की दुसरी कंपनीही उभं करत नाही. एकच वाट आहे. साडी न उघडताच पिशवीत घातली, एवढं त्या बाईंनी मला फोनवर सांगायचं. मग मी हा हलगर्जीपणा म्हणून लिहितो. थोडे दिवस घरी बसवतील, पण सुटशील."

देवाप्पा तसाच मथुराबाईंच्या दारी गेला. शालनला त्यानं काही कळवलं नाही. कळवायचं काय? बाई खरं बोलल्या की प्रकरण मिटणारच होतं, आणि बाई आपल्यातल्या होत्या.

"अरे, निपाणी! ये ये," मथुराबाईंनी दार उघडलं. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचं हसू थोडं कमी झालं. त्यांनी गल्लीत इकडंतिकडं पाहिलं.

"स्वल्प हळू बोल. अरे, एवढी मोठी कंपनी, तिला एक साडी म्हंजे काय? समुद्रातनं तांब्याभर पाणी. शेजारच्या सुप्रीतानं दोनदा असंच केलं, नवी ठेवून जुनी परत दिली. कुणाचं काय वाकडं झालं?"

म्हणजे बाईंनी नाकारलंसुद्धा नाही! देवाप्पाला राग यायला हवा होता, पण त्याला आधी हायसंच वाटलं. कबूल करतात म्हणजे सांगतीलही.

"माझं वाकडं व्हायलंय, अक्का."

"छे! तुझं का होईल? लाव फोन. मी सांगते की. तुझ्यावर बालंट येऊ देईन होय मी?"

त्यानं गिरीराजला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मथुराबाई पदर सावरून, फोनकडे तोंड करून, अस्सल बसवनगुडीच्या कन्नडमध्ये बोलू लागल्या. हा मुलगा म्हणजे रत्न आहे हो. इतका सभ्य पोरगा मी पाहिला नाही. साडी त्यानं माझ्यासमोर पूर्ण उलगडली, काठ बघितले, पदर उजेडात धरून बघितला, फोटो काढले, आणि मगच नेली. असल्या मुलाची नोकरी गेली तर देव तुम्हाला क्षमा करणार नाही. हवं तर मी वरच्यांना लिहून देते.

देवाप्पा दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होता. बाईंना वाटलं, पोरगा स्तुतीनं लाजतोय. त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं.

फोनमधून गिरीराजनं विचारलं, "म्हणजे त्यानं उघडून बघितली, आणि तेव्हा साडी नवी होती?"

"नवी कोरी!"

"बरं, अम्मा." फोन बंद झाला.

"झालं की नाही?" मथुराबाई मराठीत म्हणाल्या. "किती चांगलं सांगितलं बघ. आता डोळ्यांत पाणी कशाला?"

"अक्का, तुमी मला चोर केलासा." देवाप्पा म्हणाला. "मी उघडली, नवी बघितली, मग वाटंत मीच बदलली न्हवं? परत लावतो फोन. घडी मोडली न्हवती, एवढं खरं सांगा. दुसरं काय बी नको."

मथुराबाईंनी त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला. हिशेब त्यांच्याही डोक्यात उतरला. पोरानं उघडली नसेल, तर जुनी साडी पिशवीत घालणारा दुसरा कोण?

"म्हंजे मी चोर ठरू?" त्या म्हणाल्या. "ह्या वयात? या गल्लीत आमचं नाव काय आहे, ठाऊक आहे तुला?"

"अक्का, बायको-पोरगी आज यायल्यात वो. गावचं समदं मोडून यायल्यात." तो वाकला. काल ज्या पायांना हात लावला होता ते पाय मागं सरकले.

घरातून पुरुषाचा आवाज आला, कोण आहे म्हणून. मथुराबाईंनी आत तोंड करून कन्नडमध्ये उत्तर दिलं, कुणी नाही, कुरिअरवाला. मग त्याच्याकडे वळल्या, आणि त्याच्याशीही कन्नडमध्येच बोलल्या, अनोळखी माणसाशी बोलावं तसं आदरानं. "होगि. तुम्ही जा आता. इथं उभे राहू नका." दार त्यांनी आपटलं नाही, हळूच लावून घेतलं.

देवाप्पा फाटकाबाहेर येऊन गाडीवर बसला. त्याच्या मनात आलं, ओरडावं, गल्ली गोळा करावी. पण गल्ली कुणाची होती? पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या घरापुढे कंपनीच्या टीशर्टातल्या माणसाचं कोण ऐकणार? आणि ऐकून विचारलंच कुणी, 'हो' कुणी दाबलं, तर तो अंगठा त्याचाच होता. त्याला बाईंचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि दोन्ही संतापांचा काडीचा उपयोग नव्हता.

ऊन उतरल्यावर गिरीराजचा फोन आला. "देवा, माझ्या हातात काही राहिलं नाही. तुझ्याविरुद्ध कुणी बोललं असतं तर मी भांडलो असतो. बाईंनी तुझी इतकी स्तुती केली की मला लिहायला दुसरं काही उरलंच नाही. उद्या पिशवी आणि टीशर्ट जमा करून जा."

देवाप्पा 'बरं, सर' म्हणाला. तो बराच वेळ तिथंच बसून राहिला. घरातून फोडणीचा वास आला, गल्लीतली मुलं खेळून आपापल्या घरी गेली, आणि मग शालनचा फोन वाजला.

निपाणीच्या स्टँडवरचा कलकलाट तिच्या आवाजाच्या मागं होता. "बसलो बघा! सामान समदं वर टाकलं. चूल, भांडी, कणगी, जावेला देऊन टाकलं. म्हटलं, आता काय परत यायचं न्हाई. भव्याला खिडकी पायजे म्हणून तिनं समद्यांस्नी उठवलंय. ऐकू यायलंय न्हवं?"

"यायलंय."

"मग बोला की काय तरी."

उतर, एवढंच म्हणायचं होतं. सामान खाली घे, जावेकडं जा, मी सांगतो तोवर थांब. गाडी अजून हलली नव्हती. शब्द तोंडाशी आला होता. पण दोन वर्षांत शालन इतकी मोकळी हसल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं, आणि ते हसू आपल्या तोंडानं थांबवायचं त्याला होईना.

"खोलीला चुना दिलाय," तो म्हणाला.

"दिलासा? बरं झालं." ती आणखी काहीतरी म्हणाली, पण मधेच इंजिनाची घरघर सुरू झाली आणि कुणीतरी दार ओढून घेतलं. मग फोन भव्याच्या हातात गेला.

"अप्पा, गाडी निघाली! आमी आलो!"

"ये बाळा," देवाप्पा म्हणाला.