हत्यारांची पूजा

मासिकातल्या आराखड्यावरून, नागपूरच्या भंगारातल्या मोटरी जोडून श्रीधरनं सौसरच्या घरी लाकूड कोरणारं यंत्र उभारलं. कॉम्प्युटर सांगेल तसे ते तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तसे लाकडी बैल कोरायचं. त्याचे सुतार वडील, बापूजी, यंत्राकडे कधी ढुंकूनही बघत नसत.

दसऱ्याला श्रीधर झेंडू घेऊन घरी आला. बापूजींनी पूजेसाठी रंधा, पटाशी धुऊन मांडली होती. शेजारी यंत्रही होतं, बादलीभर पाण्यानं न्हाऊ घातलेलं, कुंकू लावलेलं. एवढी वर्षं आटलेली माया नेमकी आजच उतू गेली होती.

"आज त्याले आपल्या हत्यारांत घेतलं," बापूजी म्हणाले. "चालव आता."

उन्हात वाळवलं असतं तर कदाचित वाचलंही असतं. पण बापूजी पहिल्यांदाच 'चालव' म्हणाले होते. श्रीधरनं बटण दाबलं. जळका वास सुटला, तरी बापूजी हात जोडूनच उभे होते.