ठिपका दिसला तरच

आमचे हे मुलांना ड्रम शिकवतात. त्यामुळे घरी ताट, उशी, गॅसची टाकी, सगळ्यावर ठेका चालूच. गेल्या वर्षी काचबिंदूने यांच्या डाव्या डोळ्याची खालच्या बाजूची नजर खाल्ली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली रोज थेंब घालून जपायची." तेव्हा मात्र यांची बोटं थांबली होती.

आज पुन्हा तपासणी होती. अंधाऱ्या खोलीत यंत्रात डोकवायचं, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. हे बाहेर आले ते कॉलर ताठ करूनच. "एकही सोडला नाही. आता थेंब बंद. उगाच डोळे चुरचुरतात."

मागोमाग तपासणी करणारी मुलगी आली. "काका, ठिपका नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंत. परत करावं लागेल."

मी यांच्या हाताकडे पाहिलं. बोटं गुडघ्यावर नाचत होती.

"तुम्ही ठेका धरलात?"

"ठिपके लयीत येत होते गं. हात थांबेना." मग हळूच म्हणाले, "आणि नापास व्हायचं नव्हतं."

मला राग आला आणि भीतीही तेवढीच वाटली. "अहो, खोटे पास व्हाल, थेंब बंद कराल आणि आहे तीही नजर घालवून बसाल. मग मी काय त्या रिपोर्टची आरती ओवाळू? दिसला तरच दाबा."

हे परत आत गेले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बटणाचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. टक. टक. मग बराच वेळ काहीच नाही. इतकी वर्षं यांचा ठेका थांबावा म्हणून कटकट केली, आणि आज तो थांबला की मीच पुढच्या टकची वाट बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिला. "जेवढं गेलं होतं तेवढंच आहे. पुढे सरकलं नाही. थेंब काम करतायत, चालू ठेवा." माझा जीव भांड्यात पडला. चुरचुर होऊ नये म्हणून त्यांनी त्याच कामाचे दुसरे, सौम्य थेंब लिहून दिले.

पायऱ्या उतरताना हे म्हणाले, "डावीकडे खाली बरंच काही दिसत नाही गं. तुला कळू नये असं वाटायचं."

"म्हणून तर वर्षभर मी तुमच्या डावीकडून चालते."

हे थबकले. "मला वाटलं, तुला त्या बाजूची दुकानं बघायची असतात."

"तीही बघते," मी म्हटलं आणि यांचा हात धरला.

घरी आल्यावर नवा थेंब घातला. डोळा मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून थोडा वेळ गप्प बसायचं असतं. बाकी सगळं गप्प होतं, फक्त पाय फरशीवर ताल देत होता. मी शेजारी बसून ऐकत राहिले.